तेरा नंबरचा सेट

पारगाव, ता. आंबेगाव
१९ जुलै १९९८

ताई,

तुझं कार्ड मिळालं. एवढ्याशा कार्डात तुझ्या सासूबाईंच्या गुडघ्यांपासून भोसरीच्या नळाच्या वेळेपर्यंत सगळं मावलं, आणि स्वतःबद्दल मात्र 'मी बरी आहे' एवढंच. आईनं ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि म्हणाली, "बरी हाय म्हंजी बरी न्हाई ती."

आता माझं काम ऐक. सयाजीमामा मस्कतला जाताना त्याची इलेक्ट्रिक गिटार माझ्याकडे ठेवून गेला. तो होता तोवर तारा तोच आणायचा, तोच बसवायचा, मी नुसती वाजवायची. आता दुसरी तार तुटलीय, पहिलीला गंज चढलाय आणि बाकीच्यांना आवाजच उरला नाही. आळेफाट्याला जाऊन आले. तिथल्या दुकानात पेटी मिळते, ढोलकी मिळते, बेंजोच्या तारा मिळतात. इलेक्ट्रिक गिटार म्हटल्यावर दुकानदार म्हणाला, "ताई, तुमी इलेक्ट्रिकच्या दुकानात बघा."

घाई अशासाठी की नारायणगावच्या इंद्रायणीबाईंना गिटारवाली हवी आहे. त्यांचा लेडीज ऑर्केस्ट्रा आपण जत्रेत पाहिला होता ना, ढोलकीपासून कीबोर्डपर्यंत सगळ्या बायका? गणपती झाले की त्या परीक्षा घेणार आहेत. वडिलांची परवानगी हवी, म्हणून दादांना विचारलं. ते बैलाच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "घेतलं तर जा, मी आडवा येत न्हाई. पर न्हाई घेतलं, तर हा नाद सोडायचा आन मी म्हणंन तिथं लग्नाला हो म्हणायचं." मी कबूल झाले.

म्हणून तू पुण्यात वाद्यांच्या चांगल्या दुकानात जा. तारांचे नंबर असतात म्हणे, मला त्यातलं काही कळत नाही. माझ्याबद्दल सांग: मुलगी आहे, बोटं बारीक आहेत, आणि सूर ओढून वाजवते, म्हणजे तार दाबून वर ढकलायची की सूर चढत जातो, तसं. ते म्हणतील त्या आण. तुझ्याशिवाय हे कोणाला सांगू?

अक्षदा

---

भोसरी
९ ऑगस्ट १९९८

अक्षा,

तारा पाठवल्या आहेत, आपल्या गावच्या भाजीच्या टेम्पोबरोबर. पाकीट पिशवीत फाटलं म्हणून कागदात गुंडाळल्यात, दचकू नकोस. तुझ्यापायी पुण्याला दोन खेपा झाल्या. सासूबाईंना सांगितलं, ब्लाऊजचं कापड बदलायचंय.

दुकान मोठं आहे. भिंतीवर गिटारी अशा टांगल्यात की आपल्याकडे लग्नात तांबे-परातीही तशा मांडत नाहीत. दुकानदार म्हातारे आहेत, पण बोलके. तू सांगितलेलं सगळं सांगितलं. ते म्हणाले, ऑर्केस्ट्रात चार वाद्यं एकदम वाजतात, त्यात आवाज भरदार निघायला पाहिजे, तर जाड तारा लागतात. तेरा नंबरचा सेट आहे. सुरुवातीला जड वाटेल, दमानं घे.

आमच्याकडे नेहमीचंच. हे पहिल्या पाळीला गेले की दुपारी येऊन झोपतात, आणि सासूबाई बोलतात ते फक्त काय चुकलं ते सांगायला. कधी कधी दिवसभरात माझा आवाज मलाच ऐकू येत नाही. सुदर्शन भावजी तेवढे विचारपूस करतात. तारांचं पुडकं बघून म्हणाले, "तुमची बहीण खरंच गिटार वाजवते? आम्हाला कधी ऐकायला मिळणार?" चांगला मुलगा आहे गं. कंपनीत पर्मनंट झाला.

मन लावून वाजव.

तुझी ताई

---

पारगाव
२० ऑगस्ट १९९८

ताई,

तारा चढवल्या. खुंट्या पिळताना असं वाटत होतं की आता काहीतरी तुटणार, तार नाहीतर मी.

तुला खरं सांगू? मला जमत नाहीये. मामाची तिसरी तार साधी होती, ही वर बारीक तार गुंडाळलेली आहे, आणि सगळ्याच दोरखंडासारख्या ताठ. बोटांना चिरा पडल्यात. पीठ मळताना मीठ झोंबतं म्हणून आई मला परातीला हात लावू देत नाही. ते सोसलं असतं. पण सूर ओढायला गेले की तो अर्ध्यात थांबतो. मी जीव खाऊन ढकलते, तरी वर जात नाही. गिटारची मानही थोडी वाकल्यासारखी दिसते, तारा पट्टीपासून उचलल्यात.

तू तेवढं परत एकदा दुकानात विचारशील का, नंबर चुकला तर नाही ना? मामाला पत्र टाकलंय, पण मस्कतहून उत्तर येईपर्यंत दिवाळी होईल. तुला त्रास देते, मला कळतं. तू दोनदा गेलीस हे मी आईला सांगितलं तर तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

अक्षदा

---

भोसरी
२९ ऑगस्ट १९९८

अक्षा,

परत जाऊन विचारून आले. ते हसले. म्हणाले, नवीन शिकणाऱ्या सगळ्यांची हीच तक्रार असते, स्टेजवर वाजवणारे सगळे याच तारा लावतात. बोटांना घट्टे पडले की त्रास संपेल. रात्री खोबरेल लावत जा.

बदलू मात्र नकोस. परीक्षेच्या तोंडावर नव्या तारा चढवल्या तर त्या सुरात राहत नाहीत म्हणे.

आणि इतकं जिवाला लावून घेऊ नकोस गं. झालं तर झालं. नाही झालं तर जग बुडत नाही.

ताई

---

पारगाव
१४ सप्टेंबर १९९८

ताई,

नाही घेतलं.

इंद्रायणीबाईंच्या घरी माडीवर परीक्षा होती. आम्ही तिघीच होतो. एक लावणी आणि एक भावगीत वाजवायचं होतं. लावणीत जिथं सूर चढवायचा तिथं मी तार ढकलली, आणि तो चढलाच नाही, ताई. परत ढकलली. बोटाची चीर उघडली, तारेला रक्त लागलं, बोट घसरलं. इंद्रायणीबाई लांब खुर्चीवर बसल्या होत्या. त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "बाळ, तुझा प्रत्येक सूर एक पायरी खाली उभा राहतो. कानाचं आहे हे. शिकवून येत नाही."

पोपटलाल शेठजींची रिद्धी आहे ना, नारायणगावची, तिला घेतलं. चांगली वाजवते.

दादांनी मी येईन म्हणून मंचरहून जिलबी आणली होती. माझं तोंड बघून त्यांनी पुडा तसाच फळीवर ठेवला. रागावले असते तर बरं झालं असतं.

सगळं माझ्याच कानात होतं तर मामानं इतकी वर्षं मला का सांगितलं नाही, हेच कळत नाही.

अक्षदा

---

भोसरी
२२ सप्टेंबर १९९८

माझी सोनी,

पत्र वाचून जेवण गेलं नाही. पण बाई, आपल्याला आपली उंची कळली हेही काही कमी नाही. किती मुली उगाच झुरत बसतात.

आता मी म्हणते ते शांतपणे ऐक. सासूबाईंनीच विषय काढलाय. सुदर्शन भावजींसाठी तुला मागायचं म्हणतात. मी भरीला घातलं नाही, देवाशपथ. दादांना हे पत्र लिहिणारच आहेत. मुलाला तू ओळखतेस. व्यसन नाही, आवाज चढवून बोलत नाही. आणि अक्षा, आपण दोघी एका घरात! भाकऱ्या थापता थापता बोलायला माझ्याजवळ माझं माणूस असेल. मला तर विचार करूनच दोन घास जास्त जातात.

नाही म्हणू नकोस.

ताई

---

पारगाव
११ ऑक्टोबर १९९८

ताई,

दादांना दिलेला शब्द मी मोडणार नाही. हो सांगितलंय. आई खूश आहे, तूही खूश आहेस, आणि तू तिथं आहेस एवढ्यावर माझंही निभेल.

अक्षदा

---

भोसरी
२४ जानेवारी १९९९

अक्षा,

साखरपुड्याचे फोटो आले. तू एकाही फोटोत हसलेली नाहीस, म्हणून सासूबाई म्हणाल्या, "पोरगी लाजाळू हाय." मी म्हटलं, हो, फार.

माळ्यावरची खोली तुमच्यासाठी रंगवायला काढलीय. रंग मी निवडला, फिका पिवळा. मे महिना कधी येतो असं झालंय. गिटार आणायची असली तर आण, पण सासूबाईंना आवाज खपत नाही, तेव्हा जागा करून कुठं ठेवायची ते बघू.

ताई

---

पारगाव
७ मार्च १९९९

ताई,

हे पत्र मी लिहून फाडलं आणि परत लिहायला बसले.

तुझ्याकडे माळ्यावर गुंडाळून ठेवण्यापेक्षा गिटार इंद्रायणीबाईंना देऊन टाकावी असं ठरवलं. मामानंही कळवलं, वाजती राहू दे. म्हणून गेल्या आठवड्यात नारायणगावला गेले. रिद्धी तिथंच होती. तिनं गिटार मांडीवर घेतली, एक सूर ओढला आणि हात झटकला. "अगं, ही तार आहे का शेताचं कुंपण? यावर तू परीक्षा दिलीस?"

इंद्रायणीबाईंनी गिटार हातात घेऊन उजेडाकडे धरली, मान कशी वाकलीय ते बघितलं. मग माझी बोटं बघितली. म्हणाल्या, "मला वाटलं तुझा कान कच्चा आहे. या तारांवर माझ्याकडूनही सूर चढायचा नाही. कोणी दिल्या?" मी सांगितलं, पुण्याच्या दुकानदारानं. त्यांना माईक घ्यायला पुण्याला जायचंच होतं. म्हणाल्या, चल, त्यालाच विचारू.

दुकान तू लिहिलंस तेच. भिंतीवर गिटारी टांगलेल्या, दुकानदार म्हातारे, बोलके. मी आधीच पेटलेली होते. मी म्हटलं, "तुमच्या सल्ल्यानं माझी परीक्षा बुडाली. माझी बहीण तुमच्याकडून तारा घेऊन गेली, गावाकडच्या मुलीसाठी म्हणून." ते म्हणाले, "थांबा. ऑर्केस्ट्राची परीक्षा होती ती मुलगी? बोटं बारीक, सूर ओढून वाजवते? अहो, मी त्या बाईंना नऊ नंबरचा सेट दिला होता. पहिली तार केसाएवढी, मुलींच्या हाताला लोण्यासारखी. नंबर वाढला की तार जाड होते, हे मी त्यांना हातात देऊन दाखवलं होतं."

मग ते म्हणाले, आठवड्यानं त्या बाई परत आल्या. पाकीट फोडलंही नव्हतं. म्हणाल्या, हा नको. मी विचारलं, मग कसा हवा? तर म्हणाल्या, "वाजवायला सगळ्यांत अवघड जातील अशा तारा द्या."

"इतकी वर्षं गल्ल्यावर बसतोय," ते म्हणाले, "असं मागणारं गिऱ्हाईक एकच आलं, म्हणून लक्षात राहिलं. मी त्यांना बजावलं, बाई, मुलीची बोटं सोलून निघतील. त्या म्हणाल्या, चालेल."

चालेल.

ताई, तू म्हणालीस हे?

इंद्रायणीबाई माझ्याकडे बघत नव्हत्या, मुद्दाम माईकची खोकी बघत होत्या. दुकानदारांनी तिथंच नऊ नंबरच्या तारा चढवून दिल्या, मानेतला स्क्रू फिरवून मान सरळ केली. मी उभ्या उभ्याच वाजवली. सूर ओढला आणि तो जिथं जायला पाहिजे तिथं गेला. सहज गेला, ताई, कुणी दार उघडून धरल्यासारखा. मला आनंद व्हायला हवा होता. मी काउंटरला धरून रडले.

परत येताना पूर्ण रस्ताभर मी तुझ्या बाजूनं विचार करत होते. कोणी धमकावलं असेल, दाजींनी सांगितलं असेल, सासूबाईंनी. तसं असेल तर लिही. मी विश्वास ठेवीन.

अक्षदा

---

भोसरी
१३ मार्च १९९९

अक्षा,

सख्ख्या बहिणीपेक्षा दुकानदारावर तुझा जास्त विश्वास, हे वाचून वाईट वाटलं.

मला कोणी सांगितलं नाही. तू लिहितेस म्हणून लिहिते. पहिला सेट आणला त्या दिवशी सासूबाई तुझ्याबद्दल बोलल्या. म्हणाल्या, धाकटी पण हिच्यासारखीच असेल तर सुदर्शनला बघू, पण स्टेजवर नाचणारी-वाजवणारी नको. ते पाकीट माझ्या हातात होतं. आठवडाभर डोक्यात तेच. दादांना मी सांगितलं असतं की तिला जाऊ देऊ नका, तर त्यांनी ऐकलं असतं. मी तसं केलं का? तुला तोंडावर नको म्हणणं माझ्याच्यानं झालं नसतं. म्हटलं, तू जाशील, बघशील, जमत नाही म्हणशील आणि कोणाचा राग न धरता माझ्याकडे येशील. यात तुझं वाईट काय होतं? पर्मनंट नोकरीचा मुलगा, पक्कं घर, शेजारी बहीण.

आणि रागावू नकोस, पण खरीच एवढी कला अंगात असती तर जाड तारांवरही वाजलीच असती.

पत्रिका छापायला गेल्या आहेत. यातलं अक्षर इथं कळलं तर माझं काय होईल याचा विचार कर. तू अजून या घराबाहेर आहेस. मला याच घरात राहायचंय. हे पत्र वाचून जाळून टाक.

ताई

---

पारगाव
२१ मार्च १९९९

ताई,

तू लिहिलंस, यात माझं वाईट काय होतं. तुझ्या शेजारी बसून रोज भाकरी थापताना मी तुझ्या हातांकडे बघितलं असतं, आणि रोज मला तेच दिसलं असतं, ते हात पाकीट बदलून घेताना. असं घर मला नको.

सहा महिने मला वाटत होतं की माझ्या कानातच खोट आहे. आई गुणगुणायला लागली तरी मी उठून जायचे, मला सूर कळत नाही म्हणून. ते तुला माहीत होतं. तू मला समजूत घालणारी पत्रं लिहीत होतीस.

दादांना काल सांगितलं, मी लग्न करणार नाही. त्यांनी कारण विचारलं. मी तुझं नाव घेतलं नाही. म्हटलं, मला वाजवायचंय, इंद्रायणीबाई परत ऐकायला तयार आहेत. दादा म्हणाले, "शब्दाला काय किंमत राह्यली मग?" आणि उठून गेले. तुझं नाव घेतलं असतं तर ते उठले नसते. सुदर्शनना वेगळं पत्र टाकलंय, की तुमच्यात काही कमी नाही, मीच तयार नाही.

मी तुझं नाव का घेतलं नाही ते मलाही नीट सांगता येणार नाही. तू मात्र आता सांग, निदान आपल्या घरात. तेवढंच मागते.

अक्षदा

---

नारायणगाव
६ जून १९९९

सौ. स्नेहल,

मार्चपासून तुझ्या उत्तराची वाट बघत होते. उत्तर दुसऱ्या वाटेनं आलं.

आई गेल्या आठवड्यात इथं आली होती. येऊन पिशवी खाली ठेवली. मग म्हणाली, "खरं सांग, त्यो माणूस कोण हाय?" मी म्हटलं, कोण माणूस? म्हणाली, "थोरलीनं भोसरीला समद्यांना सांगितलंय, तुझं ऑर्केस्ट्रातल्या टेम्पोवाल्याशी जमलंय म्हून तू लगीन मोडलं. तुझ्या बापानं गावातनं फिरायचं सोडलंय."

आमचे टेम्पोवाले म्हणजे सावळेरामकाका. त्यांच्या नातवाच्या बारशाला आम्ही सगळ्याजणी गेल्या महिन्यात जेवून आलो. ते मला 'पोरी' म्हणतात. आईला मी त्यांच्यासमोर नेऊन उभं केलं. ती त्यांच्या पांढऱ्या मिशा बघून खाली मान घालून रडायला लागली. आईला पटलं. दादांना कोण पटवणार? आई सांगायला गेली तर ते म्हणाले, "थोरली कशाला खोटं बोलंल?"

तारांचं मी एकदा समजून घेतलं असतं. तू एकटी होतीस, तुझं माणूस तुला हवं होतं, माणूस वेड्यासारखं करतं. पण हे तू शांतपणे, आपली जागा सांभाळायला केलंस. मी तुला झाकलं आणि तू मलाच पुढं ढकललंस.

इंद्रायणीबाईंनी मला घेतलंय. रिद्धी आणि मी दोघी वाजवतो. पुन्हा लिहू नकोस.

अक्षदा

---

भोसरी
२६ जानेवारी २००३

अक्षदा,

लिहू नको म्हणाली होतीस, म्हणून इतकी वर्षं लिहिलं नाही. तुमचा कार्यक्रम जत्रेत पाहिला, मागच्या वर्षी. बायकांच्या घोळक्यात मागं उभी होते. तू फार छान वाजवतेस. शेजारची एक बाई म्हणाली, ही कोण गं, किती गोड वाजवते. मी म्हटलं, माहीत नाही.

सुदर्शन भावजींचं लग्न होऊन दोन वर्षं झाली. बायको शांत आहे. आम्ही एका ओट्यावर स्वयंपाक करतो, पण ती तिच्या माहेरच्यांबद्दल बोलते आणि मी ऐकते.

संक्रांतीला पारगावला गेले होते. दादांना सगळं खरं सांगायचं असं ठरवूनच गेले होते. त्यांना खोकला होता, चेहरा उतरलेला होता, म्हणून विषय काढला नाही. पुढच्या वेळी नक्की सांगेन. ते अजून तुझ्याशी बोलत नाहीत हे आईकडून कळलं. मला त्याचं फार वाईट वाटतं.

स्नेहल

---

नारायणगाव
२३ फेब्रुवारी २००३

स्नेहल,

तुझं पत्र आल्यावर मी पारगावला गेले. दादांना खोकला असतो तसाच होता. मी त्यांच्या खाटेशी बसले आणि सगळं सांगितलं. तारांचे नंबर, दुकान, तू काय मागितलंस, मार्चचं तुझं पत्र, टेम्पोवाला, सगळं. ते पत्र जाळायला सांगितलं होतंस, ते मी तेव्हाच जाळलं होतं, त्यामुळे दाखवायला काही नव्हतं. नुसतं सांगितलं.

ते मध्ये एकदाच बोलले. "थोरलीनं केलं व्हय?" मग त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. चार वर्षांत पहिल्यांदा. मला वाटलं, आता सगळं मिटलं.

आणि मग म्हणाले, "झालं ते झालं. पर ह्ये भोसरीला कळू देऊ नगंस. तिला तिथं नांदायचंय. तू काय, तू मोकळीच हाईस."

म्हणजे त्यांना पटलं होतं. माझी चूक नव्हती हे त्यांना कळलं होतं, आणि कळूनही ते मला म्हणत होते, तूच घे अंगावर. खोटं खरं मानून माझ्याशी बोलत नव्हते तेव्हा मला इतकं लागलं नव्हतं. मी त्यांना हो म्हटलं नाही. हात बाजूला केला आणि एसटीला निघून आले.

येत्या नऊ मार्चला, रविवारी, भोसरीत महिला मंडळाचा कार्यक्रम आहे. त्याआधी दुपारी मी तुझ्या घरी येणार आहे. दाजी, सासूबाई, सुदर्शन, त्यांची बायको, सगळे घरी असतील ती वेळ धरून येईन. तू आधी बोल. तू बोलली नाहीस तर मी बोलेन. तुला घाबरवायला लिहीत नाही. तयारीला वेळ मिळावा म्हणून लिहिते, माझ्या परीक्षेच्या वेळी मला तो मिळाला नव्हता.

अक्षदा

---

भोसरी
१७ मार्च २००३

अक्षदा,

तू गेल्यावर घरात काय झालं ते तुला कोणी सांगणार नाही, म्हणून लिहिते.

तू माझ्याकडे बघून थांबलीस तेव्हा मला बोलता आलं असतं. शब्द पाठ केले होते, आठवडाभर. मी कपबश्या उचलल्या. मग तू सांगितलंस. आवाजही चढवला नाहीस. पाणी पिऊन, सासूबाईंना नमस्कार करून गेलीस.

तुझी पावलं जिन्यावर वाजत होती. मी ओट्याला धरून उभी होते. मला वाटलं, आता माझी पिशवी भरतील. मग सासूबाई हसायला लागल्या. "अगं बाई! जाड तारा आणल्या म्हून लगीन मोडलं व्हय? आन आमी त्या टेम्पोवाल्याला नावं ठेवत बसलो!" हे म्हणाले, "तारांचं काय एवढं, बदलून आणायच्या होत्या." जाऊबाईंनी विचारलं, "गिटारला किती तारा असतात हो?" हे म्हणाले, "असतील सहा-सात." मग त्यावरच थोडा वेळ बोलणं झालं.

सुदर्शन भावजी तेवढे हसले नाहीत. म्हणाले, "त्यांचं पत्र आलं होतं मला तेव्हा. मी खोटं समजून फाडलं." चपला घातल्या आणि बाहेर गेले. जेवायच्या वेळेला परत आले आणि जेवले.

बस. एवढंच. दुसऱ्या दिवशी गॅस संपला, त्याची गडबड झाली. त्यानंतर कोणी विषय काढला नाही. टेम्पोवाल्याचं खोटं होतं हे सगळ्यांना कळलं, त्याबद्दल सासूबाई मला एवढंच म्हणाल्या, "असं नाव घिऊ नये गं कुणाचं," जसं दूध उतू गेलं तर म्हणतात तसं.

मी इतकी वर्षं याला भीत होते. याच्यासाठी तुला दादांपासून तोडलं. माझी जागा जाईल, मला माहेरी धाडतील, आणि इथं कोणी रागावलंसुद्धा नाही. मी दोन-तीन दिवस वाट बघितली की कोणीतरी मला बोलेल. यांच्या ताटात मुद्दाम भाजी खारट वाढली. ते निमूट जेवले.

त्यांना कळलंच नाही मी काय केलं ते. त्यांच्या लेखी मी तारा जाड आणल्या. तुझं काय नेलं ते या घरात मला एकटीला माहीत आहे, आणि इथं ते मी कोणाशी बोलू शकत नाही. बोलले तर परत हसतील.

ते कळणारी दुसरी तू. तू दाराशी उभी राहिली होतीस तेव्हा मी तुला बस म्हणायला हवं होतं.

उत्तराची वाट बघणार नाही असं शेवटी लिहिणार होते. पण तेही खोटंच झालं असतं.

स्नेहल